‘केवळ वाहक’ हा शब्द १९६२ सालीच बाद झाला होता

१/ शाळेत शिकवले जाणारे एक वाक्य सर्वांना पाठ असते: एक्स गुणसूत्रावरील दोष पुरुषात प्रकट होतो, स्त्री ‘केवळ वाहक’ असते. हे वाक्य फार तर अर्धे खरे आहे. ते अपुरे असल्याचे १९६२ सालीच रक्ताच्या नमुन्यांवर दिसून आले. तरीही ते टिकले, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ते निरुपद्रवी नाही. धागा.

२/ पोंभुर्णा तालुक्यात ‘सिकलसेल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हापासून विदर्भाचे नाव या विकाराशी जोडले गेले आहे. त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. स्त्री असो वा पुरुष, ‘एएस’ अहवाल आलेल्या माणसाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते. तेथे ‘वाहक’ हा शब्द चपखल बसतो.

३/ घोटाळा होतो तो हाच शब्द उचलून दुसऱ्या दोषाला चिकटवल्यावर. त्या दोषाचे नाव जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता. हे विकर तांबड्या पेशीला रासायनिक माऱ्यापासून वाचवते. ते कमी असेल तर काही औषधांनी पेशी फुटतात, लघवी काळपट होते, रक्त झपाट्याने उतरते. त्या औषधांत ठळक नाव हिवतापावरच्या प्रायमाक्विनचे. अमेरिकेतील स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हे औषध तपासले गेले, त्यातूनच १९५६ साली या कमतरतेचा छडा लागला. (त्या प्रयोगांच्या नीतिमत्तेवर स्वतंत्र धागा लिहावा लागेल.)

४/ महाराष्ट्र या इतिहासात प्रेक्षक नव्हता. १९६१ साली बक्षी, बालकृष्णन आणि संघवी यांनी मुंबईतील नमुन्यांतील या कमतरतेची नोंद ‘करंट सायन्स’मध्ये केली. १९८४ साली ईश्वाद आणि नाईक यांनी एका कोळी कुटुंबात तिचा नवा प्रकार नोंदवला आणि त्याला नाव दिले कल्याण. पुढे केरळमधील एक प्रकार आणि हा एकच निघाला. आज तो जगभर ‘केरळ-कल्याण’ म्हणून ओळखला जातो.

५/ आता मूळ कोडे. जी-सिक्स-पीडीचे जनुक एक्सवर असते. स्त्रीला दोन एक्स, पुरुषाला एक. मग स्त्रीच्या रक्तात हे विकर दुप्पट का नसते? या समतोलाला हर्मन मुलर यांनी १९३२ साली नाव दिले: मात्रासंतुलन. ते फळमाशीवर काम करत. माशीत नराचा एकुलता एक्स दुप्पट राबतो. सस्तन प्राण्यांनी मात्र निराळी वाट धरली.

६/ १९४९ साली कॅनडात बार आणि बर्ट्रम यांना मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला. तो माद्यांतच ठळक होता. पुढे कळले की ते आवळून बसलेले एक्स गुणसूत्र आहे. एप्रिल १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या ठिपकेदार केसांवरून ‘नेचर’मध्ये सांगितले: मादीच्या गर्भात अगदी आरंभी प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक मिटवते. आईकडचा की वडिलांकडचा, हे दैवावर. त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या साऱ्या पेशी तोच निर्णय पाळतात.

७/ माणसात याचा पुरावा जी-सिक्स-पीडीनेच दिला. अर्न्स्ट ब्यूटलर यांनी एक सदोष आणि एक निर्दोष जनुक असलेल्या स्त्रियांचे रक्त तपासले. जुनी समजूत खरी असती, तर प्रत्येक पेशीत निम्मे विकर सापडायला हवे होते. तसे झाले नाही. पेशींचे दोन जमाव निघाले: एक भरलेला, एक जवळजवळ रिता. १९६२. स्त्रीचे रक्त एकरंगी कापड नसून दोन रंगांच्या तुकड्यांची गोधडी आहे.

८/ आणि प्रत्येकीची गोधडी वेगळी. एकाच आईच्या, तेच सदोष जनुक मिळालेल्या दोन बहिणींत एकीच्या बहुतेक पेशी भरलेल्या असू शकतात, दुसरीच्या बहुतेक रित्या. त्या रित्या पेशी औषधापुढे पुरुषाच्या पेशींसारख्याच फुटतात. अशा स्त्रीला ‘केवळ वाहक’ म्हणणे म्हणजे अर्धे घर जळताना शेजाऱ्याला आग लागल्याचे सांगणे.

९/ प्रचलित ठिपका-चाचणी पाहा. विकर सुमारे ३० टक्क्यांच्या खाली असेल, तरच ती दोष दाखवते. पुरुषांसाठी ते पुरते, कारण ते बहुधा भरलेले तरी असतात नाहीतर रिते तरी. ३० ते ७० टक्क्यांमधली स्त्री मात्र ‘निर्दोष’ शिक्का घेऊन घरी जाते. समजा एखाद्या वस्तीत १०० पैकी ५ पुरुष सदोष आहेत. साध्या गणिताने तेथे १०० पैकी साडेनऊ स्त्रिया मिश्र रक्ताच्या निघतील. जवळजवळ दुप्पट, आणि त्यांतल्या बहुतेक चाचणीला अदृश्य.

१०/ यावर ठरलेला आक्षेप असा: नेहमीच्या मात्रेत अशा स्त्रियांना गंभीर त्रास क्वचित होतो, आणि यकृतात दडलेला व्हायवॅक्स हिवताप उखडायला प्रायमाक्विन लागतेच. आक्षेपाचा पूर्वार्ध ‘क्वचित’ म्हणतो, ‘कधीच नाही’ म्हणत नाही. उत्तरार्ध निर्विवाद आहे. हा धागा वाचून कोणी मनानेच १४ दिवसांच्या गोळ्या सोडू नयेत. लघवी काळपट झाली, तर मात्र गोळी थांबवून तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. प्रायमाक्विन निदान थांबवता तरी येते. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅफेनोक्विन एकाच मात्रेत देतात आणि ते कित्येक आठवडे शरीरात राहते. गिळल्यावर परत फिरण्याची सोय नाही. म्हणूनच त्यासाठी विकर ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे आकड्यात मोजून पाहण्याची अट आहे. ब्यूटलरच्या गोधडीला नियमात जागा मिळायला ५६ वर्षे लागली.

११/ चंद्रपुरात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्थेचे केंद्र आहे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या लोकांचे रक्त तपासले जात आहे. पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यांतील बोटे त्यासाठी टोचली जातातच. त्याच टोचणीचा आणखी एक थेंब जी-सिक्स-पीडी आकड्यात मोजणाऱ्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर ठेवता येतो. स्त्रियांच्या अहवालात ‘वाहक’ लिहिण्याची जागा काढून तेथे टक्केवारी छापा.