तपासायला सगळे येतात, शिकवायला कोण येतं?

अंगणवाडी सेविकेला सभागृहात बसवायचं, पडद्यावर स्लाइड दाखवायच्या, शेवटी ग्रुप फोटो काढायचा आणि तिची ‘क्षमतावृद्धी’ झाली असं कागदावर लिहून मोकळं व्हायचं, हा प्रकार संतापजनक आहे. केंद्राने 2023 मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. सेविकेच्या वाट्याला त्यातून आलं तीन दिवसांचं प्रशिक्षण. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना शिकवणं तीन दिवसांत जमतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक सकाळ अंगणवाडी सांभाळून दाखवावी.

मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरात कितीतरी बाया मासळीसाठी पहाटेच ससून डॉक गाठतात. पोरं सेविकेच्या भरवशावर. तिथल्या एका अंगणवाडीत मी बसले होते. चार वर्षांची एक मुलगी शिंपले लहान-मोठे बघून रांगेत लावत होती. एक शिंपला मध्येच बसेना, म्हणून तिने सगळी रांग मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतली. गणित सुरू होतं ते असं. सेविकेला ते कळलं, ती तिच्याजवळ बसलीही. तेवढ्यात पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं, “ताई, आजचा फोटो टाकला का?” सेविका उठली आणि फोन घेऊन रेंज शोधत दारात गेली. पोरीकडे त्या बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यांना एकट्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनाही वरून फोटो आणि आकडेच विचारले जातात. याच आकड्यांसाठी दिलेले निकृष्ट मोबाइल राज्यभरातल्या सेविकांनी 2021 मध्ये सरकारला परत केले. डिसेंबर 2023 मध्ये त्या मानधनासाठी संपावर गेल्या, तो संप पन्नास दिवसांवर चालला. केंद्राने आपल्या निकषातलं महिन्याचं मानधन 2018 मध्ये साडेचार हजार केलं. एवढ्यावर बोळवण करून त्याच सेविकेला ‘गुणवत्ता वाढवा’ सांगायला जीभ रेटते कशी?

मुलांमध्ये बसून शिकवणं आणि शिकवायला शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. दादरला शिशुविहार चालवणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डी गावी गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. शिंपले, पानं, बिया हेच साधन. अनुताई तिथे मुलांमध्ये काम करता करताच घडल्या, कारण ताराबाईंसारखं जाणतं माणूस शेजारी होतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा, कमी शिकलेलीला वर्षभराचा अभ्यासक्रम आणि महिन्यातून निदान एक संपर्कवर्ग लिहिलेला आहे. तो वर्ग सभागृहात नको, अंगणवाडीतच घ्या. जाणत्या शिक्षिकेने सेविकेसोबत मुलांमध्ये बसावं, तिला करून दाखवावं, तिचं बघावं. त्या दिवसाचे वेगळे पैसे सेविकेला द्या, आणि त्या दिवशी तिच्याकडे एकही फोटो मागू नका.