कोडिंगवालं मॉडेल टाकू की साधं? आधी आठवड्याची वही उघडा



लॅपटॉपवर चालणाऱ्या छोट्या एआयचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, साधं मॉडेल टाकू की कोडिंगवालं?" एका मुलाने तर सकाळच्या डेमूमधून, हडपसरला कामाला जाता जाता, व्हॉइस नोट पाठवली. त्याला गावात सेवा केंद्र टाकायचंय आणि कुणीतरी सांगितलंय की कोडिंगवालंच घे, ते जास्त हुशार असतं.

माझं मत आधीच सांगतो. दुकान चालवणाऱ्याने पहिलं मॉडेल साधंच घ्यावं. कोडिंगवालं लागतं, पण ते नंतर, आणि एका ठरावीक कामापुरतं. असं का म्हणतो, ते माझ्याच दुकानात काय झालं त्यावरून सांगतो.

आमचं खुटबावला ठिबकचं साहित्य, पाइप आणि मोटारीच्या सामानाचं दुकान. गिऱ्हाईक सगळं उसावालं. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी मिळायला हवी, पण शेतकरी आपल्याला पैसे देणार ते बिल हातात पडल्यावरच. म्हणजे आमच्या धंद्यात उधारी हाच खरा माल. ती यादी, नावं आणि मोबाईल नंबर मला ऑनलाइन एआयमध्ये टाकायचे नव्हते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, तो आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी कुणाकडे किती बाकी आहे ही गावातली सगळ्यात नाजूक गोष्ट असते. म्हणून नेट बंद असलं तरी आपल्याच मशिनवर चालणारं छोटं मॉडेल.

आता या दोन्हींत फरक काय? ऐकून वाटतं ही दोन वेगळी यंत्रं आहेत. तसं नाही. क्वेन २.५ घ्या, सप्टेंबर २०२४ मध्ये आलेलं. त्याचं साधं मॉडेल आहे आणि त्याच पायावर आणखी शिकवलेलं 'कोडर' आहे. त्या पुढच्या शिकवणीत साधारण ७० टक्के कोड, २० टक्के मजकूर आणि १० टक्के गणित होतं. मेटाने २०२३ मध्ये लामा २ वरून कोड लामा बनवलं, तेही असंच. भाऊ-भाऊच, फक्त एकाला शिकायला वर्कशॉपमध्ये पाठवलं. वर्कशॉपवाला हुशार झाला, पण तिथे त्याच्याशी मराठीत कुणी बोललं नाही.

ते मला पहिल्याच दिवशी कळलं. कोडरला म्हटलं, उधारीची आठवण करून देणारा मेसेज लिही. त्याने लिहिलं, "प्रिय ग्राहक, तुमचे भुगतान देय आहे." भुगतान! हा मेसेज आमच्या तात्यांना गेला असता तर त्यांना वाटलं असतं बँकेची जप्ती आली. साध्या मॉडेलला मी माझेच दोन जुने मेसेज नमुन्याला दिले. त्यानंतर त्याने "तात्या, नमस्कार, सवडीने दुकानात चक्कर टाका" इथपर्यंत मजल मारली. तेही चुकतं बरं का. मध्येच "तुम्ही" सोडून "तू" वर येतं. पण ती चूक पाठवायच्या आधी डोळ्यांना दिसते.

न दिसणारी चूक पुढे आहे.

मेसेज जमले म्हणून मला चेव आला. साध्या मॉडेलकडूनच छोटा पायथन प्रोग्रॅम लिहून घेतला. उधारीची शीट वाचायची, ९० दिवसांपेक्षा जुनी बाकी शोधायची, मेसेज तयार करायचा. प्रोग्रॅम झकास चालला, एरर नाही, काही नाही. २० डिसेंबरला मेसेज गेले. संध्याकाळी एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. चार माणसं बसलेली. त्यांनी काउंटरवर पैसे मोजून ठेवले आणि एवढंच म्हणाले, "अजून तोड आली नाही, पण तुला घाई दिसते." माल त्यांनी नेला होता ९ डिसेंबरला. अकरा दिवसांत मी त्यांना "९९ दिवस थकीत" असा मेसेज धाडला होता.

झालं काय? शीटमध्ये तारीख होती ०९/१२/२०२५. आपण वाचतो ९ डिसेंबर. प्रोग्रॅमने अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरला आणि १२ सप्टेंबर वाचली. गंमत बघा, १३ ते ३१ तारखेच्या नोंदी बरोबर निघाल्या, कारण तेरावा महिनाच नसतो. चुकल्या त्या फक्त १२ तारखेपर्यंतच्या. मी वरवर पाच नोंदी तपासल्या होत्या, त्या पाचही महिनाअखेरच्या निघाल्या.

मग तोच प्रश्न, एक शब्द न बदलता, कोडरला दिला. त्याने 'दिवस आधी' ही सूचना कोडमध्ये न सांगता घातली. एका उदाहरणावरून मी निकाल लावत नाही, दुसऱ्या कामात त्यानेही माती खाल्ली आहे. पण कोडच्या कामात तो बरा, हे मान्य करावं लागतं.

"मग सर, कोडरच घ्यायला पाहिजे होता ना?" थांबा. माझी चूक मॉडेल निवडण्यात कमी आणि न तपासण्यात जास्त होती. मला तो कोड वाचता येत नव्हता. ज्याला कोड वाचता येत नाही त्याच्या हातात कोडर दिला तर चुका कमी होतील, पण ज्या होतील त्या तशाच गुपचूप होतील. त्यामुळे आता पैशाचा हिशेब मॉडेलला तोंडी विचारायचाच नाही, दोन्हींपैकी कुणालाही. सूत्र किंवा प्रोग्रॅम लिहून घ्यायचा, हिशेब शीटने करायचा आणि आधी वहीतली दहा खाती हाताने काढून ताळा करायचा. त्या दहांत महिन्याच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची तारीख हवीच. शिवाय तारखेसमोर महिना अक्षरात छापून घ्यायचा. "डिसेंबर"च्या जागी "सप्टेंबर" दिसलं की शाळकरी पोरगंसुद्धा बोट ठेवेल.

नंतर मी एक आठवडा वहीत लिहून ठेवलं, एआयकडून काय काय करून घेतलं. २३ कामं निघाली. १७ वेळा मेसेज, दरपत्रकाचा मजकूर, स्टेटसच्या ओळी असलं काहीतरी. तीन पत्रं. एक्सेल आणि कोडची कामं फक्त तीन, आणि त्यातलं एक मी हौसेने काढलेलं. बीबीएला 'संधी खर्च' शिकवला होता, तो परीक्षेनंतर पहिल्यांदा इथे उपयोगी पडला. तीन कामांसाठी मी वीस कामांचं मराठी बिघडवून घेणार होतो. तुमची वही वेगळी निघू शकते. कुणी दुकानदारांना बिलिंगच्या शीट बनवून देण्याचाच धंदा करणार असेल, तर त्याने कोडरपासूनच सुरुवात करावी. सेवा केंद्रवाल्या मुलाच्या वहीत मात्र अर्ज आणि पत्रंच जास्त असणार.

मशिनचं थोडक्यात सांगतो. ७ बी मॉडेल, ४ बिटमध्ये दाबलेलं, साधारण साडेचार-पाच जीबीचं होतं. ८ जीबी रॅमवर एका वेळी एकच चालेल, तेही ब्राउझर बंद ठेवून. डिस्कवर मात्र दोन्ही ठेवता येतात. ओलामा फुकट आहे, नाव बदललं की मॉडेल बदलतं. एक धंद्याची गोष्ट: क्वेन २.५ चं ७ बी व्यवसायात वापरायला मोकळं आहे, पण ३ बी वर संशोधनापुरताच परवाना आहे. लहान म्हणून ३ बी उचलणाऱ्यांनी हे बघावं. मराठीसाठी गुगलचं जेमा ३, ४ बी करून बघा. ते मार्च २०२५ चं आहे आणि १४० हून जास्त भाषांचा आधार सांगतं. सर्वम-१ मध्ये मराठी आहे, पण ते सूचना ऐकणारं नाही, दिलेलं वाक्य पुढे नेणारं मॉडेल आहे, म्हणून नवख्याने त्यात अडकू नये.

आणि दर कधीच मॉडेलला विचारू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. माझी दोन्ही मॉडेल्स अजून १२ च सांगतात, आणि काय ठामपणे सांगतात! त्यांचं शिक्षण त्याआधीच संपलेलं.

हेही कबूल करतो की नाव-नंबर नसलेला मजकूर असेल, दिवाळीची जाहिरात वगैरे, तर मोबाईलवरचं मोठं ऑनलाइन एआय या दोघांपेक्षा चांगलं मराठी लिहितं. तिथे मी तेच वापरतो.

सध्या माझ्याकडे साधं मॉडेल रोज चालू असतं. कोडर महिन्यातून एकदा, उधारीच्या शीटला हात लावायचा असेल तेव्हा. ते जुने गिऱ्हाईक महिनाभर चौफुल्याहून माल नेत होते. मी घरी जाऊन चूक सांगितली, तारखेचा घोळ कागदावर काढून दाखवला. ते हसले, चहा पाजला. मागच्या आठवड्यात लॅटरलचं एक बंडल नेलं, रोखीने. त्यांचं नाव मी मेसेजच्या यादीतून काढून टाकलंय, त्यांना फोन मीच करतो.