माऊस बॅगेच्या मापाचा घ्यायचा की हाताच्या?

ॲडमिशनच्या सीझनमध्ये बर्डीवरच्या कॉम्प्युटरच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात अर्धा तास उभं राहून पाहा. नवा लॅपटॉप काखोटीला मारून पोरं-पोरी येतात आणि ठरलेलं वाक्य म्हणतात, ‘‘भाऊ, छोटावाला माऊस दाखवा ना, बॅगेत मावेल असा.’’ भाऊ काउंटरवर चार-पाच ठेवतात. एक गुलाबी, एक आकाशी, एक साबणाच्या वडीसारखा चपटा. पोरगं त्यातला एक चिमटीत उचलतं, बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात घालून पाहतं. मावला की सौदा पक्का. तो हाताखाली घेऊन टेबलावर दोन मिनिटं फिरवून पाहणारा क्वचितच दिसतो. चपलीच्या दुकानात मात्र हीच मंडळी चार पावलं चालून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण माऊस चुकीच्या गोष्टीच्या मापाने घेतो. बॅगेला काही फरक पडत नाही. ज्या बॅगेत लॅपटॉप, चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली कोंबून आपण लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोने जातो, तिथे माऊस ९ सेंमीचा असला काय आणि ११ सेंमीचा असला काय. फरक हाताला पडतो. सबमिशनच्या आठवड्यात रोज पाच-सहा तास तोच माऊस पंजाखाली असतो तेव्हा तर फारच.

फार लहान आणि चपट्या माऊसचं काय होतं, बघा. तळहात टेकायला जागाच नसते. मग बोटं आखडून किंवा चिमटीत धरून तो चालवावा लागतो. हाताचा सगळा भार मनगटावर येतो आणि मनगट टेबलाच्या कडेवर घासत राहतं. माऊस कोपरापासून हलायला पाहिजे, पण आपण तो नुसत्या मनगटाने डावीकडे-उजवीकडे झटकत राहतो. एक दिवस काही वाटत नाही. महिनाभराने अंगठ्याच्या मुळाशी ठणकायला लागतं आणि घरचे म्हणतात, ‘मोबाईल पाहणं कमी कर.’

गेम खेळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो, तो मला पटतो. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजायचा आणि त्याच्या साधारण ६० टक्के लांबीचा माऊस घ्यायचा. हात १८ सेंमी असेल तर माऊस पावणेअकरा सेंमीच्या आसपास. हात १६ सेंमीचा असेल तर साडेनऊ सेंमीचा लहान माऊसही छान बसतो, त्यांनी बिनधास्त घ्यावा. पट्टी प्रत्येकाच्या कंपासपेटीत असते आणि माऊसची लांबी कंपनीच्या माहितीत लिहिलेली असते. ती वाचायला काय जातं?

हे काही नवं ज्ञान नाही. डग्लस एंगलबर्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने १९६४ मध्ये पहिला माऊस बनवला तो लाकडी ठोकळ्याचा. खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबर्टने तो जगाला दाखवला. तेव्हा तो बॅगेत घालून न्यायचा प्रश्नच नव्हता, कारण कॉम्प्युटरच कपाटाएवढे होते. प्रश्न फक्त हाताचा होता. लॅपटॉप आले आणि माऊस आकसत गेला. दिसण्यापायी वापर विसरला की काय होतं, याचा सगळ्यात महागडा नमुना ॲपलचा. त्यांच्या मॅजिक माऊसचं चार्जिंगचं भोक २०१५ पासून पोटाखाली आहे, म्हणजे चार्ज होताना तो उताणा पडतो आणि काम बंद. २०२४ मध्ये केबलचा प्रकार बदलला, पण भोक तिथेच. उलट मायक्रोसॉफ्टच्या आर्क माऊसची अक्कल मला आवडते. बॅगेत ठेवताना तो सपाट होतो आणि वापरताना कमानीसारखा वाकतो. बॅग आणि हात दोघांचाही विचार त्यात आहे. फक्त किंमत विद्यार्थ्याच्या खिशाची नाही.

खिशाचं निघालंच आहे तर घरातला संवाद आठवा. ‘‘एवढा पन्नास हजाराचा लॅपटॉप घेऊन देला, आता माऊस कायले पाहिजे बे वेगळा?’’ बाबांचा प्रश्न चूक नाही. हल्लीचे टचपॅड खरंच चांगले असतात. पीडीएफ वाचायची, असाइनमेंट टाइप करायची, व्हिडिओ लेक्चर पाहायचं, एवढंच काम असेल तर माऊस न घेतलेला बरा. टॅली चालवणारे तर कीबोर्डवरूनच सगळं करतात आणि माऊसला हात लावणाऱ्याकडे दयेने बघतात. पण सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांना पर्याय नाही. ऑटोकॅडमध्ये चाक दाबून धरलं की ड्रॉइंग सरकतं, दोनदा दाबलं की पूर्ण ड्रॉइंग पडद्यावर येतं. सॉलिडवर्क्समध्ये तेच चाक दाबून मॉडेल फिरवायचं असतं. दिवसातून शेकडो वेळा. कितीतरी मिनी माऊसचं चाक इतकं बारीक आणि कडक असतं की ते दाबायला गेलं की फिरतं आणि फिरवायला गेलं की दबतं. कॅडवाल्यांनी रंगबिंग नंतर पाहावा, आधी चाक दाबून पाहावं. व्हिडिओ एडिटिंग आणि फोटोशॉपवाल्यांनाही हेच.

आणि वायरवाल्या माऊसची कोणाला लाज वाटत असेल तर ती सोडा. तीन-साडेतीनशे रुपयांत चांगल्या कंपनीचा साधा वायरचा माऊस मिळतो. त्याला सेल लागत नाही, त्याचा रिसीव्हर हरवत नाही, तो झोपी जात नाही. हॉस्टेलच्या टेबलावर एकाच जागी बसून काम करणाऱ्याला वायर आडवी येते, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. ज्याला खरंच रोज कॉलेज, अभ्यासिका आणि रूम असं फिरायचं आहे, त्याने बिनवायरीचा घ्यावा.

बिनवायरीच्या माऊसमध्ये दोन जाती. एकात नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपला लावावा लागतो, दुसरा ब्लूटूथवर चालतो. रिसीव्हरवाला लावला की लगेच चालतो, पण तो नखाएवढा तुकडा हरवला की माऊसचा पेपरवेट झाला म्हणून समजा. पोटात रिसीव्हर ठेवायला खाच आहे का, हे बघूनच घ्या. ज्या पातळ लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असतात, त्यांना साधा रिसीव्हर लावायला वेगळा जोड घ्यावा लागतो. तिथे ब्लूटूथ बरं. ब्लूटूथचा तोटा म्हणजे थोडा वेळ हात लावला नाही की तो डुलकी घेतो आणि उठायला क्षणभर लावतो. दोन्ही प्रकारांनी चालणारे माऊस आता थोड्या जास्त पैशांत मिळतात. घेऊ शकत असाल तर तेच घ्या.

एक गोष्ट दुकानदारही क्वचितच सांगतात. रिसीव्हरच्या शेजारच्या पोर्टमध्ये यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावला की कर्सर अडखळतो, उड्या मारतो. माऊस बिघडलेला नसतो. यूएसबी ३ मधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये मिसळतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर माहितीपत्रकच काढलं होतं. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, काम होतं. एवढ्याशा गोष्टीपायी चांगले माऊस कचऱ्यात जातात.

डीपीआयचा आकडा बघून भुलू नका. डब्यावर ४००० लिहिलंय म्हणून तो चांगला, असं काही नाही. लॅपटॉपच्या पडद्याला १००० ते १६०० पुष्कळ झालं. त्यापेक्षा तो कुठल्या पृष्ठभागावर चालतो ते महत्त्वाचं. काचेच्या टेबलावर साधा ऑप्टिकल माऊस वेडावतो, कारण त्याच्या सेन्सरला खालचे बारीक कण-रेषा दिसाव्या लागतात आणि काचेत त्या दिसत नाहीत. काचेवर चालणारे माऊस आहेत, पण महाग. जुन्या वहीचा पुठ्ठा फुकट आहे.

आता आपल्या गावाचा खास मुद्दा, ऊन. पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूमध्ये हे कोणी सांगणार नाही. वरून मऊ रबराचा लेप असलेले माऊस हातात घेतले की फार भारी वाटतात. पण उष्णता, दमट हवा आणि घाम यांनी तो लेप हळूहळू चिकट होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, वर खोलीत दिवसभर कूलरचा ओलावा. एक-दोन उन्हाळ्यांत त्या माऊसला धूळ आणि केस चिकटायला लागतात आणि कितीही पुसा, तो तसाच राहतो. साध्या खरखरीत प्लास्टिकचा घ्या, मळला तर ओल्या फडक्याने पुसला जातो. सुट्टीत यवतमाळला, गोंदियाला गावी जाताना त्यातला सेलही काढून ठेवा. महिनोन्‌महिने पडून राहिलेला सेल गळतो आणि आतल्या पट्ट्या खातो.

अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी सायलेंट क्लिकवालाच घ्यावा, हे मी विनंती म्हणून नाही तर तक्रार म्हणून लिहितोय. नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. तिथे एमपीएससीवाला पाठांतर करत असतो आणि शेजारी टकटक, टकटक, टकटक. सायलेंट माऊसचं बटण थोडं गुळगुळीत लागतं, दाबलं की नाही कळत नाही, हे खरं आहे. आठवड्यात सवय होते.

डावखुऱ्यांचे हाल वेगळेच. अंगठ्यासाठी खोबण असलेला ‘आरामदायी’ माऊस बहुतेक वेळा उजव्या हाताचाच असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये तर माऊस उजवीकडे आणि वायरही इतकी आखूड की डावीकडे येतच नाही. डावखुऱ्यांना दोन्ही बाजूंनी सारखा असलेलाच माऊस घ्यावा लागतो आणि बहुतेक लहान माऊस नेमके तसेच असतात, एवढीच त्यांच्यासाठी बरी बातमी. सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण बदलता येतं, हे कितीतरी डावखुऱ्यांना लॅबमध्ये कोणी सांगतही नाही.

ऑनलाइन की बर्डी? ऑनलाइन शंभर-दीडशे रुपये वाचतात हे मान्य. पण फोटोत हात घालता येत नाही. माझं मत बर्डीच्या बाजूने आहे, फक्त पक्कं बिल घ्यायच्या अटीवर. ‘बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल’ असं कोणी म्हणालं तर हसून बिलच मागा, कारण त्याच्याशिवाय वॉरंटी मागायला जाल कुठे? डब्यावर कमाल किंमत आणि बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असायलाच पाहिजे, तसा २०११ पासून नियम आहे. मोठ्या कंपनीचा शिक्का आहे आणि हे नाव-पत्ते नाहीत, तर माल डुप्लिकेट असण्याची शंका घ्या.

दुकानदार भाऊंनाही एक सांगायचं आहे. प्रत्येक मापाचा एक-एक माऊस डब्यातून काढून, एका चालू लॅपटॉपला जोडून काउंटरवर ठेवा. पाच-सहा माऊस सॅम्पलमध्ये जातील, दोन-तीन हजारांचा माल. पण पोरगं हात ठेवून पाहील, मित्राला म्हणेल ‘हा पाय बे, हा मस्त बसते हातात’ आणि तिथेच घेईल. फोटो काढून घरी जाऊन ऑनलाइन ऑर्डर करणारे काही जण असतील. असू द्या. तो काउंटर असेल तर पुढच्या वर्षी त्याची धाकटी बहीण लॅपटॉप घेईल तेव्हा तो तिला तुमच्याच दुकानात घेऊन येईल.