जुना पाइप चकचकीत करू नका

तंबाखू ओढायचे जुने फ्रेंच ब्रायर पाइप जमवायला निघालेल्यांना एकच कळकळीची विनंती आहे: चकाकी बघून पाइप घेऊ नका, आणि घेतलेला पाइप घासूनपुसून नवा करू नका. त्याची खरी किंमत लाकडात आणि लाकडावरच्या कंपनीच्या ठशात असते. पॉलिश लाकडातले दोष झाकतं, तर पॉलिश कागद ठसाच खाऊन टाकतो.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती सहजासहजी जळत नाही. गाठीचे ठोकळे तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने सुकवतात आणि मग त्यांतून पाइप घडवतात. फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं सँ-क्लोद हे या धंद्याचं गाव. लाकूड कातण्याचा हात तिथल्या कारागिरांना आधीपासूनच होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते ब्रायरकडे वळले.

पाइप हाती आला की आधी ठसा वाचा. निव्वळ कंपनीच्या नावावर जाऊ नका. ‘जीबीडी’ १८५० साली पॅरिसला सुरू झाली, पण पुढे तिचे पाइप लंडनमध्येही बनू लागले. त्यामुळे नावाबरोबर शहरही बघायला हवं. ब्युत्झ-शोकँ मूळची मेत्झची, १८५८ची. ती सँ-क्लोदला आली १९५१ मध्ये. आणि ‘रॉप’चा सालीसकटचा पाइप दिसला, तर तो चेरीच्या लाकडाचा असतो, ब्रायरचा नव्हे.

मग पाइप उन्हात धरा आणि भिंग लावा. लाकडाच्या रेषा मध्येच तुटून रंग सपाट दिसला, तर तिथे लांबी भरलेली असू शकते. वाटीत आतून तडा किंवा जळालेला खड्डा आहे का, तेही पाहा. तोंडात धरायची दांडी लाकडाशी नीट जुळत नसेल, तर ती बहुधा मागाहून बसवलेली आहे. दांडी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असेल, तर उजेडाने हिरवट-तपकिरी पडते. तो वयाचा रंग आहे, त्याला घाबरू नका. शिंगाच्या दांडीला मात्र कीड लागते. बारीक भोकं तपासा. हस्तिदंताची दांडी असेल तर तो पाइप सोडाच, कारण हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बेकायदा आहे.

घरी आणल्यावर मऊ कोरडं फडकं पुरतं. पाण्यात बुडवू नका, उन्हात मांडू नका. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवलात तर बुरशी धरेल. हवा खेळेल अशा कपाटात ठेवा. आणि पाइप जमवायचा म्हणजे ओढायलाच हवा असं मुळीच नाही. तंबाखू पाइपातून घेतली तरी घातकच.

ऑनलाइन घेत असाल तर पैसे भरण्याआधी ठशाचा जवळून काढलेला फोटो मागा. विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर खुशाल दुसरा पाइप शोधा.