आठचा फोन

समोर डोंगर, मांडीवर लॅपटॉप, हातात वाफाळत्या कॉफीचा मग आणि मागे दार उघडी टाकलेली मस्त मोठी गाडी... हा फोटो तुमच्या डेस्कटॉपवर कधी ना कधी लागलेला आहे, हो ना? अप्रेझलच्या महिन्यात तर नक्कीच! ‘सगळं सोडून असं फिरत फिरत काम करावं’ हे वाक्य ऑफिसच्या पँट्रीत दिवसातून निदान तीनदा तरी ऐकू येतं. पण मंडळी, त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही. रेंज!

अमेरिकेत या फिरत्या घराला आरव्ही म्हणतात. बेड, ओटा, फ्रिज, टॉयलेट, सगळं चाकांवर. नवरा-बायको वर्षभर त्यात राहतात, नोकऱ्याही करतात. त्यांच्यासाठी जागोजागी कँपग्राउंड्स असतात. १९६२ मध्ये माँटानातल्या बिलिंग्ज गावात सुरू झालेली केओए ही त्यातली नावाजलेली साखळी. गाडी लावा, विजेची वायर जोडा, पाण्याचा पाइप जोडा, आणि आता बहुतेक ठिकाणी वाय-फायचा पासवर्डही मागा! तरी तिकडची आपली चुलत-मावस भावंडं यलोस्टोन पाहून आली की पहिली तक्रार कसली असते? ‘अगं, तिथे मोबाइलच चालत नाही!’ खरंच, त्या उद्यानाच्या मोठ्या भागात सिग्नल नाही. म्हणजे हे दुखणं काही फक्त आपलंच नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केंद्राचं धोरण त्याच्याही बरंच आधीचं. पण आमच्या देवपुरात ‘कॅरॅव्हॅन’ म्हटलं की लोकांना अजून जुन्या गाण्यांचा तो रेडिओच आठवतो. ‘चांगला आहे, आमच्या नानांनाही भेट मिळाला,’ असं उत्तर मला दोनदा मिळालंय!

आमचा टू बीएचके (चाकांवरचा)

देवपूर म्हणजे धुळ्याचा पांझरेपलीकडचा भाग. एकवीरा देवीचं देऊळ, कॉलेजं, दत्त मंदिर चौक आणि संध्याकाळी शेवभाजीचा वास. इथे माझं सासर. नवरोबा पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात आणि महिन्यातले दोन आठवडे कुठूनही काम करायची त्यांना मुभा आहे. मी फ्रीलान्सर, त्यामुळे मला मुभा महिनाभर. पगार मात्र कधीतरी! मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही मोठे हायवे धुळ्यात एकमेकांना छेद देतात. मग निघायला कारण कशाला हवं?

आमची आरव्ही म्हणजे एक सेकंडहँड सात सीटर. मागच्या सीट्स घडी करायच्या, वर फळी, फळीवर गादी. फळी काढली की पुन्हा साधी गाडी. हे मुद्दाम सांगतेय, कारण कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच बजावलंय. कायमचा बेड, सिंक, गॅस बसवायचा बेत असेल तर आधी आरटीओत विचारा, मगच सुताराला बोलवा.

डब्यात बिबडे, शेंगदाण्याची चटणी, कळण्याचं पीठ. पाण्याचे दोन कॅन. दोन फोन, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा एक नियम. रात्री आठचा फोन.

जेवन व्हयनं का?

हा नियम सासूबाईंचा. दोन वर्षांपूर्वी नानांची म्हणजे सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून आई रोज आठला आमच्या फोनची वाट बघतात. फोनवर बोलणं काय? ‘जेवन व्हयनं का?’ आम्ही ‘हो’ म्हणायचं, मग नाना घसा खाकरून ‘गाडी हळू चालवा’ म्हणणार. झालं. दीड मिनिट! पण तो दीड मिनिटाचा फोन आला नाही तर देवपुरात त्या रात्री दोघांचाही डोळा लागत नाही.

त्यामुळे तोरणमाळला आठ दिवस जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात बजेटवरून नाही, रेंजवरून चर्चा झाली. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर. यशवंत तलाव, सीताखाई, वळणावळणांचा घाट... आणि घाट सुरू झाला की फोनवरच्या कांड्या एकेक करून गळायला लागतात. नवऱ्याची रोज सकाळी दहाला टीम मीटिंग. मला तलावाच्या काठी गाडी लावायची होती, त्यांना टॉवरच्या काठी! आणि मनातला खरा प्रश्न दोघांनाही उघड विचारवत नव्हता. नानांना रात्री काही झालं आणि फोनच लागला नाही तर?

इथे एक गंमत सांगते. कँपिंगच्या भाषेत ‘कनेक्टेड’ राहणं म्हणजे आपण नेटवर असणं. पण घरच्यांच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की आपण सापडलो पाहिजे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला टॉवर लागतो. दुसरीला लागते ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा.

मूळचे आरव्हीवाले

हे आम्हाला कुठल्या ट्रॅव्हल शोने शिकवलं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या ठेलारींनी शिकवलं. साक्री भागातले हे मेंढपाळ पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिरतीवर असतात. बायका, लेकरं, कोंबड्या, भांडी, सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. रोज नवं शेत. रात्री शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्याला खत मिळतं, यांना धान्य नाहीतर पैसे. सांगा बघू, आपल्या त्या वॉलपेपरवाल्या जोडप्यापेक्षा हे लोक काय कमी आरव्हीवाले?

आता त्यांच्याही हातात मोबाइल आलाय. पण तो येण्याच्या आधीपासून त्यांची माणसं एकमेकांना सापडत होती. कारण वाट ठरलेली, कुठल्या महिन्यात कुठल्या शिवारात हे ठरलेलं, आठवडे बाजाराचा वार ठरलेला. गावाकडचा निरोप बाजारात पोचायचा, बाजारातून वाड्यावर. उशीर व्हायचा, पण माणूस हरवायचं नाही.

आम्ही तेच केलं. जाण्याआधी एका कागदावर लिहिलं : कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, तिथल्या माणसाचा नंबर, गाडीचा नंबर. तो कागद आईंच्या फ्रिजवर लावला. एक प्रत शेजारच्या काकांकडे, कारण रात्री-अपरात्री नानांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर आमच्याआधी तेच पोचणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काळजी कधी सुरू करायची तेही लिहिलं. आठला फोन आला नाही तर रेंज नसेल, जेवून झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतही आला नाही तर मुक्कामाच्या नंबरवर फोन करा. तिथेही पत्ता लागला नाही तर ११२.

आईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, ‘हे बरं केलं. आता मला माहितीये कधी घाबरायचं.’ आठ दिवसांत आठचा फोन तीनदा चुकला. एकदाही देवपुरात कोणी जागं राहिलं नाही.

व्ह्यू की वाय-फाय?

मीटिंगचा प्रश्नही असाच सुटला. आम्ही व्ह्यू आणि वाय-फाय एकाच ठिकाणी मागणं सोडून दिलं! कामाचे दिवस शहाद्यात, साध्या लॉजवर. खिडकीतून दिसतो फक्त एसटी स्टँड, पण नेट सुसाट. शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या फाइल्स पाठवून लॅपटॉप बंद, मग वर तोरणमाळला एमटीडीसीच्या मुक्कामी. वर गेल्यावर कामाचं नाव नाही. तुमच्या वॉलपेपरला थोडा धक्का बसेल, पण लग्नाला अजिबात नाही!

आता थोडं तांत्रिक, घाबरू नका. मोबाइलचा सिग्नल डोंगराला वळसा घालून फारसा येत नाही. म्हणून दरीच्या तळाशी, ओढ्याकाठी गाडी लावली की फोन आंधळा. तीच गाडी शे-दोनशे मीटर वर, मोकळ्या कडेला आणली की कांड्या परत येतात. परदेशी आरव्हीवाले गाडीला सिग्नल बूस्टर लावतात. ते पाहून ऑनलाइन मागवू नका. आपल्याकडे विनापरवाना बूस्टर बसवणं बेकायदा आहे, आणि त्याने आसपासच्या लोकांचं नेटवर्क बिघडतं ते वेगळंच. सॅटेलाइट फोनचंही तसंच. परवानगीशिवाय नुसता जवळ बाळगला तरी पोलिसांशी गाठ. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना २०२५ च्या जूनमध्ये मिळाला, पण कंपनीला परवाना मिळणं आणि तुम्ही टपावर डिश बांधून सातपुड्यात निघणं यात बरंच अंतर आहे, बरं का!

त्यांची रेंज

आणि शेवटी एक गोष्ट, जी गाडीतून खाली उतरल्याशिवाय कळत नाही. आपली रेंज गेली तर एक मीटिंग बुडते. डोंगरातल्या माणसाची गेली तर रेशन दुकानातल्या मशीनवरचा अंगठा अडतो, आणि मागची रांगही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा फोनवर आल्या तेव्हा कितीतरी गावांतली पोरं सिग्नलसाठी टेकडीवर जाऊन बसायची. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. नंबर सगळ्यांच्या हाती आला, पण त्या नंबरमागून येणारा ओटीपी पोचायला टॉवर लागतो ना!

काम सुरू आहे. नेटवर्क नसलेल्या देशभरातल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी केंद्राने २०२२ च्या जुलैमध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०२५ च्या जानेवारीत आणखी एक चांगली गोष्ट झाली. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर दुसऱ्या कंपनीचं सिमही चालावं अशी सोय सुरू झाली. आपल्याला याचा फायदा वीकेंडला दोन दिवस. तिथे राहणाऱ्यांना बाराही महिने.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्या पाड्यावर गाडी थांबवलीत तर ‘इथे रेंज नाही का हो?’ असं कपाळाला आठ्या घालून विचारू नका. ‘रेंज कुठे येते?’ असं विचारा. प्रत्येक गावाला एक झाड, एक दगड, एक वळण माहीत असतं. तिथे आधीच कोणीतरी फोन कानाला लावून उभं असेल. त्यांचं बोलणं होऊ द्या. मग तुमचा आठचा फोन करा.

निघण्याआधी एवढं कराच!

* दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. कव्हरेजचे नकाशे आता मोबाइल कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात, ते मुक्काम ठरवण्याआधी बघा.
* रस्त्याचा नकाशा घरच्या वाय-फायवर डाउनलोड करून ठेवा.
* रेंज नसताना फोन सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी खातो. तेव्हा तो फ्लाइट मोडवर टाका.
* कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस करून बघा. अंधुक सिग्नलवरही तो बऱ्याचदा जातो.
* अभयारण्यात गाडी लावून रात्र काढायचा विचार सोडा. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो, पाल यावल अभयारण्याजवळ. वनखात्याला विचारूनच मुक्काम ठरवा.
* मुक्कामाचा कागद लिहा, घरी लावा, शेजारी द्या. त्यावर काळजीची वेळ लिहायला विसरू नका.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. रेंज असली तर!