अलिखित राज्यघटना : कोणाच्या सोयीची?

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्लंडची राज्यघटना अलिखित व लवचिक आहे, हे वाक्य राज्यशास्त्र घेतलेल्या आपणा सर्वांच्या वहीत आहे. टीप लिहा, गुण पाच. फायदे चार, तोटे तीन, की झाले! परीक्षा संपली की वही रद्दीत जाते आणि इंग्लंड इंग्लंडच्या जागी राहते. मला मात्र त्या फायद्यांच्या यादीतले पहिलेच वाक्य काही केल्या पचेना. इंग्रज समाज परंपरेने सुजाण असल्यामुळे त्याला लेखी घटनेची गरज भासत नाही, असे ते वाक्य आहे. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. परंपरेने सुजाण असलेल्या मंडळींविषयी मला आदर आहे. पण परंपरेच्या बाहेरून आलेल्या माणसाने अशा घरात वागायचे कसे, हा प्रश्न त्या वाक्याला पडलेलाच नाही.

वस्तुतः 'अलिखित' हा शब्दच थोडा फसवा आहे. १२१५ चा मॅग्ना कार्टा, १६८९ चे बिल ऑफ राइट्स, १७०१ चा वारसा कायदा, १९११ आणि १९४९ चे पार्लमेंट कायदे, १९९८ चा मानवी हक्क कायदा हे सारे लिखितच आहे. फक्त ते एका ग्रंथात बांधलेले नाही, आणि त्याला इतर कायद्यांहून वरचे आसन नाही. रस्त्यावरच्या दिव्यांचा कायदा ज्या साध्या बहुमताने बदलता येतो, त्याच बहुमताने मानवी हक्कांचा कायदाही बदलता येतो. आणि जे खरोखरच लिहिलेले नाही ते नेमके सर्वांत महत्त्वाचे आहे. पार्लमेंटने संमत केलेल्या विधेयकाला राजाने संमती द्यावी, सामान्यांच्या सभागृहात ज्याच्यामागे बहुमत त्यालाच पंतप्रधान नेमावे, हे कोणत्याही कायद्यात सांगितलेले नाही. हे संकेत आहेत. डायसी या पंडिताने १८८५ साली आपल्या ग्रंथात स्वच्छ सांगून ठेवले की, कायदा न्यायालय पाळायला लावते, संकेत लावत नाही. मग संकेत पाळायला लावतो कोण? पीटर हेनेसी या इतिहासकाराने या व्यवस्थेला 'भल्या माणसांचा सिद्धान्त' म्हणून ओळख दिली आहे. राज्य करणारी माणसे भली असतील आणि कुठे थांबावे हे त्यांना आपसूक कळेल, असे गृहीत धरून हा सारा डोलारा उभा आहे.

हा सिद्धान्त मला पुस्तकाआधी आमच्या शेतात भेटला. आमच्या शेताला स्वतःचा रस्ता नाही. शेजारच्या शेताच्या बांधाकडेने बैलगाडी नेण्याची वहिवाट आजोबांच्या काळापासूनची. शेजारचे म्हातारे होते तोवर त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. ते गेले, कारभार मुलाच्या हाती आला, आणि एका पावसाळ्यात त्याने ती वाट नांगरून टाकली. वडील विचारायला गेले तर म्हणाला, "कुठं लिहिलंय, दाखवा." गावच्या नकाशावर ती वाट नव्हती. त्या वर्षी सोयाबीनची पोती डोक्यावरून सडकेपर्यंत आली. शेजारी काही राक्षस नव्हता; त्याला पेरणीची आणखी दोन तासे हवी होती, एवढेच. पुढे अर्ज झाला, तारखा झाल्या, पंच आले, आणि वाट कागदावर चढली. आता गाडी जाते. दोन घरांचे बोलणे मात्र बंद झाले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अलिखित घटनेचे समर्थक म्हणतात की लेखणी आली की सद्भाव जातो. असेल. पण सद्भाव आधी गेला होता, लेखणी मागाहून आली, हा आमच्या घरचा अनुभव आहे.

ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत असेच नांगर फिरताना दिसले. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१९ ही होती. तिच्या तोंडावर पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला देऊन पार्लमेंटचे सत्र पाच आठवड्यांसाठी संपवले. सत्रसमाप्ती ही नेहमीची बाब. पण इतक्या नाजूक वेळी, इतकी लांब? हे कायदेशीर की बेकायदेशीर, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना. लंडनच्या उच्च न्यायालयाने म्हटले, हा न्यायालयाचा विषयच नव्हे. स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने म्हटले, हे बेकायदेशीर आहे. अखेर २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने ती सत्रसमाप्ती रद्दबातल ठरवली. अलिखित घटनेने स्वतःला सावरले, असा डांगोरा तेव्हा पिटला गेला. मला यातून उलटेच दिसते. देशातली दोन थोर न्यायालये एकाच नियमाविषयी दोन टोकांना जातात, याचा अर्थ तो नियम काय आहे हे त्या दिवसापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. मग मँचेस्टरच्या गिरणीतल्या कामगाराच्या नातवाला ते कोठून ठाऊक असणार?

लिहिले तरी त्याला वरचे आसन नसेल तर काय होते, याचेही उदाहरण त्याच वर्षीचे आहे. २०११ च्या कायद्याने पार्लमेंटची मुदत पाच वर्षे ठरली आणि मुदतपूर्व निवडणुकीसाठी सामान्यांच्या सभागृहात दोनतृतीयांश मते आवश्यक झाली. २०१९ मध्ये ती मते मिळेनात. तेव्हा सरकारने काय करावे? एक छोटासा वेगळा कायदा साध्या बहुमताने संमत केला आणि निवडणूक घेतली! २०२२ मध्ये मूळ कायदाही रद्द झाला. स्कॉटलंडच्या अधिकारात लंडनच्या पार्लमेंटने तेथील विधिमंडळाच्या संमतीवाचून सामान्यतः हात घालू नये, हा संकेत तर २०१६ मध्ये कायद्यात लिहिलाही गेला. परंतु जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तो कायद्यात असला तरी राजकीय संकेतच आहे, न्यायालय तो बजावू शकत नाही. 'सामान्यतः' या एका शब्दात सारे राज्यशास्त्र वाहून गेले.

पण या सगळ्या वरच्या मजल्यावरच्या गोष्टी. मला जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला ती घटना १९६८ ची आहे.

केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. रेल्वेसाठी, दुकानदारीसाठी, सरकारी नोकरीसाठी तेथे गेलेले गुजराती, पंजाबी, गोवेकर असे हजारो लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले होते. त्यांपैकी अनेकांनी ब्रिटिश नागरिकत्व कायम ठेवले. त्यांच्या हाती ब्रिटिश सरकारचे पासपोर्ट होते. पुढे केनियात त्यांच्यावर निर्बंध येऊ लागले, तसे ते ब्रिटनकडे निघाले. स्वतःच्याच देशात निघाले, असे म्हणायला हवे. मजूर पक्षाच्या सरकारने, गृहमंत्री जेम्स कॅलघन यांच्या पुढाकाराने, विधेयक आणले. ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी एकाचा किंवा आजा-आजींपैकी एकाचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला नाही (किंवा तेथे नागरिकत्वाची नोंद नाही) त्याचा मुक्त प्रवेशाचा हक्क संपला. वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना परवाने देण्याचे ठरले. आजोबांच्या जन्मस्थानाची अट कोणाच्या कातडीचा रंग पाहून घातली होती, हे समजायला पदवी लागत नाही. दोन्ही सभागृहांतून ते विधेयक तीन दिवसांत पार पडले आणि १ मार्च १९६८ रोजी त्याचा कायदा झाला.

तीन दिवस! आमच्या गावात तीन दिवसांत लग्नाचा मांडवसुद्धा निघत नाही. आणि त्या माणसांनी जायचे कोणाकडे? ज्या पार्लमेंटने हक्क दिला त्यानेच तो काढून घेतला. पार्लमेंट सार्वभौम आहे. ब्रिटनमधले कोणतेही न्यायालय तो कायदा रद्द करू शकत नव्हते. १९७३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क आयोगाने ही वागणूक वंशभेदमूलक व मानहानिकारक असल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे दाद मिळाली तीही घराबाहेर, आणि पाच वर्षांनी. नियम करणारी माणसे तेव्हाही सभ्य, सुशिक्षित आणि पुरोगामीच होती. भल्या माणसांचा सिद्धान्त येथे मोडला नाही. तो आपल्याच माणसांपुरता होता.

उमरावांच्या सभागृहाची कथा त्यामानाने हसू आणणारी आहे. १९०९ चा अर्थसंकल्प उमरावांनी फेटाळला, म्हणून १९११ च्या कायद्याने त्यांचा नकाराधिकार छाटला. त्याच कायद्याच्या प्रस्तावनेत असे नमूद आहे की वंशपरंपरेऐवजी लोकांच्या आधारावर दुसरे सभागृह स्थापण्याचा मनोदय आहे, पण ते तूर्त शक्य नाही. हे 'तूर्त' शंभराहून अधिक वर्षे चालले! १९९९ मध्ये बहुतेक वंशपरंपरागत उमराव घरी गेले. तडजोड म्हणून ९२ जणांना ठेवले आणि एखादा वारला तर पोटनिवडणूक घेण्याची सोय केली. अशा एका पोटनिवडणुकीत, २०१६ साली, उमेदवार सात होते आणि मतदार तीन. व्हायकाउंट थर्सो तिन्ही मते मिळवून निवडून आले. आपल्या कॉलेजातल्या वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत यापेक्षा अधिक चुरस असते. ८० टक्के सदस्य निवडून आणण्याचे २०१२ चे विधेयक हुजूर पक्षाच्याच ९१ खासदारांच्या बंडामुळे बारगळले. उरलेल्या वंशपरंपरागत उमरावांना काढण्याचे विधेयक मजूर सरकारने २०२४ मध्ये मांडले. मुद्दा एवढाच की लवचिक म्हणून जिची ख्याती, ती घटना स्वतःच्या माणसांच्या बाबतीत वाकायला शंभर वर्षे घेते आणि नैरोबीच्या दुकानदाराच्या बाबतीत तीन दिवस.

आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा सरांनी एक रास्त आक्षेप घेतला. आपल्याकडे लेखी घटना होतीच ना? तरीही १९७५ ची आणीबाणी आलीच, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद नाकारलीच. हे खरे आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. कागद स्वतः उठून लढत नाही. परंतु आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्याला बोट ठेवायला कलमे होती. काय मोडले हे त्याला नेमके सांगता येत होते, आणि मोडलेले पुढे दुरुस्तही करता आले. गंमत अशी की आपली लेखी घटनाही एके ठिकाणी इंग्रजांच्या अलिखित संकेतांवर विसंबून होती. आपल्या संसदेचे विशेषाधिकार कोणते? तर ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाचे जे असतील ते, असे कलम १०५ मध्ये लिहिले होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो उल्लेख काढला.

या बाबतीत मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका सर्वांत सरळ वाटते. ते लंडनमध्ये शिकले होते, आणि त्यांनी संसदीय पद्धतीचा पुरस्कारही केला. तरीही ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा संविधान सभेपुढे मांडताना, त्यात कारभाराचे इतके बारीक तपशील का घातले, याचे उत्तर त्यांनी दिले. घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. जेथे ती मुरलेली नाही तेथे तपशील घटनेबाहेर सोडणे धोक्याचे, असा त्यांचा आशय होता. संकेत म्हणजे काय असतो हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुले केले होते. लिखित हक्क अस्पृश्यांच्या बाजूने होता, वहिवाट सवर्णांच्या बाजूने. १९२७ च्या सत्याग्रहानंतर प्रतिपक्ष न्यायालयात गेला तो प्राचीन रूढीचा दावा घेऊनच, आणि ती रूढी सिद्ध होत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने ठरवेपर्यंत १९३७ साल उजाडले. ज्यांच्या वाट्याला संकेतांचा जाच आला, त्यांनी घटना लिहून मागितली यात नवल ते काय?

इंग्रजांना घटना लिहिता येत नाही असे तर मुळीच नाही. १९३५ चा भारत सरकार कायदा त्यांच्याच पार्लमेंटने केला, ३२१ कलमे आणि १० परिशिष्टे! स्वतःच्या घरासाठी त्यांनी २०१४ मध्ये, कॉमन्सच्या एका समितीमार्फत, लेखी घटनेचे तीन पर्यायी आराखडे तयार केले. पुढे सरकारने त्यांतला एकही हाती घेतला नाही. सगळी घटना एका रात्रीत लिहा असा माझाही आग्रह नाही. न्यूझीलंडचे उदाहरण घ्या. त्यांचीही घटना एका ग्रंथात नाही. पण मताधिकाराचे वय, पार्लमेंटची मुदत अशा निवडणुकीच्या काही मोजक्या तरतुदी बदलायला सभागृहाची तीनचतुर्थांश मते किंवा सार्वमत हवे, असे त्यांनी १९५६ पासून कायद्यात घालून ठेवले आहे. तो बंध कायद्याच्या काथ्याकुटात कितपत टिकेल यावर पंडित वाद घालतात, पण तेथे तो पाळला जातो. ब्रिटनने निदान येथून आरंभ करावा. नागरिकाचा प्रवेशाचा, मताचा किंवा दाद मागण्याचा हक्क काढून घेणारे विधेयक साध्या बहुमताने संमत होऊ नये, आणि मांडल्यापासून काही महिने त्यावर मतदान घेता येऊ नये, एवढे एक कलम त्यांनी प्रथम लिहावे. उमरावांचे काय करायचे ते मग सावकाश ठरवता येईल.