माणसाने खणले म्हणून वगळले

विरारच्या पश्चिमेस बोळिंजच्या वाड्यांतील बावखले एकामागून एक बुजत आहेत आणि त्याबद्दल कोणालाही जाब विचारला जात नाही. कारण सरकारी दृष्टीने तेथे काही नाहीसे झालेलेच नसते. मालकाने स्वतःच्या जमिनीतील एक खड्डा भरून काढला, एवढीच त्या घटनेची नोंद, तीही झाली तर. डंपर येतो, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ओततो. वर्षभरात त्या जागी पत्र्याचे कुंपण आणि भावी सदनिकांचे रंगीत चित्र उभे राहते. या व्यवहाराला विकास म्हणण्याची इतकी सवय झाली आहे की त्याचा हिशेब मागणाराच विकासविरोधी ठरतो.

बावखल म्हणजे काय, हे वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. या किनारपट्टीत जमीन रेताड, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाऊस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. पडलेले पाणी अडविले नाही तर ते खाडीला मिळते. आणि भूगर्भात गोडे पाणी पुरेसे मुरले नाही तर त्याची जागा खारे पाणी घेते. या दुहेरी संकटावर येथील कष्टकऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे वाडीच्या सखल भागात खणलेले, उतरत्या काठांचे, तळ न बांधलेले हे मोठे खळगे. पावसाचे पाणी त्यात साठे, सावकाश मुरे आणि आसपासच्या विहिरींना जिवंत ठेवी. त्यावर रहाट बसे. रहाटाचे पाणी पाटात पडे आणि पाटातून केळीच्या व पानवेलीच्या आळ्यांना जाई. आगाशीच्या सुकेळ्यांची कीर्ती पुष्कळांना ठाऊक असते. त्या केळींना पाणी पाजणारा पाट कोणी उपसला, हे कोणी विचारीत नाही.

आणि तो उपसावा लागे. पाट दरवर्षी साफ करावा लागे, बावखलातील गाळ उन्हाळ्यात काढून वाडीत खत म्हणून टाकावा लागे. ज्या हातांनी हे केले त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. श्रम थांबले की बावखल काही पावसाळ्यांत उथळ होते, त्यात जलपर्णी माजते, डास होतात. आणि मग तेच डास ते बुजविण्याचे कारण म्हणून पुढे केले जातात.

श्रम थांबले कसे, याचा इतिहास फार जुना नाही. रहाट गेले, विजेचे पंप आले आणि पंपांच्या पाठोपाठ टँकर आले. वाड्यांतील विहिरींचे पाणी विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींना विकले जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने या टँकरशाहीविरुद्ध आणि १९९० मध्ये सिडकोच्या हाती सोपविलेल्या नियोजनाविरुद्ध जो लढा दिला, त्याने पाण्याचा उपसा हा राजकीय प्रश्न बनविला. ते ऋण मोठेच आहे. परंतु पाणी मुरविणाऱ्या साधनांची देखभाल कोणी करावयाची, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या अधिकाराने, हा दुसरा अर्धा प्रश्न तसाच राहिला. ३ जुलै २००९ रोजी ४ नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा त्या ग्रामपंचायतींबरोबर गावाची सभाही गेली. १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला तो मुख्यतः ग्रामीण भागासाठी. महानगर झालेल्या गावाला गाळ काढण्याची हक्काची मजुरी त्यातून मिळण्याचा मार्गही उरला नाही.

कायद्याने केलेली खरी चलाखी मात्र त्यानंतरची आहे. केंद्र सरकारच्या २०१० च्या पाणथळविषयक नियमांत मानवनिर्मित पाणथळींनाही स्थान होते. २०१७ मध्ये नवे नियम आले आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी माणसाने निर्माण केलेली जलस्थाने व्याख्येतूनच वगळण्यात आली. म्हणजे निसर्गाच्या ओघात पडलेला खळगा संरक्षणास पात्र आणि पिढ्यान्‌पिढ्या कुदळ-घमेल्याने घडविलेला अपात्र! श्रमाचा एवढा उघड अवमान एखाद्या सावकाराच्या वहीतही सापडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी (२००१) आणि जगपाल सिंग (२०११) या निकालांत तळ्यांवरील अतिक्रमणास कडक शब्दांत मनाई केली, हे खरे. पण ते निकाल गावाच्या सामाईक जमिनीविषयी आहेत. बावखल बहुधा कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. पाणी सर्वांचे, जमीन एकाची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी ही रचना आहे.

याहून वेगळे घडू शकते काय? अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातले एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. न्यू मेक्सिको राज्यात सुमारे ७०० जुने सामाईक पाट आहेत. त्यांना ‘असेकिया’ म्हणतात. शब्द मूळ अरबी ‘साकिया’वरून स्पॅनिशमध्ये गेलेला, आणि इजिप्तमध्ये साकिया म्हणजे जनावराने फिरविलेला रहाटच. पाटावरील शेतकरी आपला पाटकरी निवडतात, वसंतात प्रत्येक घराने पाट साफ करण्यास माणूस द्यावा लागतो, न दिल्यास मोल भरावे लागते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तेथील सरकारी वनखात्याने नियंत्रित म्हणून लावलेली आग हाताबाहेर गेली आणि पुढे दुसऱ्या वणव्यास मिळून सुमारे ३ लाख ४१ हजार एकर क्षेत्र जळाले. आगीने डोंगर उघडे केले, पावसाने राख, गाळ आणि ओंडके खाली आणले व पाट बुजले. परंतु त्या राज्याच्या कायद्यात असेकिया ही स्थानिक शासनसंस्था मानलेली आहे. पाटाच्या नावाने दावा करणारे कोणीतरी होते. त्याच वर्षी भरपाईसाठी स्वतंत्र कायदा करणे तेथील संसदेला भाग पडले. पैसे मिळविताना लोकांची पायपीट झालीच. सरकार तेथेही सरकारच असते. पण बुजलेला पाट हे नुकसान आहे, एवढे तरी कबूल करावे लागले.

असे काही महाराष्ट्राला परके नाही. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या गावानेच नेमले आणि डागडुजी गावानेच केली. २००५ च्या कायद्याने कालव्यांवरील पाणीवापर संस्थांना कायदेशीर अस्तित्वही दिले. बोळिंजच्या बावखलाच्या वतीने मात्र उभे राहण्यास कोणतीही संस्था नाही.

या अनास्थेची किंमत जुलै २०१८ मध्ये दिसली. वसई, नालासोपारा, विरार दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले, मिठागरांतील माणसे अडकून पडली, रेल्वे थांबली. महानगरपालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी यांची सत्यशोधन समिती नेमली. तिच्या शिफारशींत पावसाचे पाणी थोपविण्यासाठी धारण तलाव होते. तज्ज्ञांनी सुचविले ते योग्यच. पण ज्या शहरात शेकडो लहान धारण तलाव आयते होते आणि ते बुजविण्यास मोकळीक होती, त्याच शहराने आता जमीन संपादून नवे खणावेत, यातील विनोद करदात्यांच्या खर्चाने चालला आहे.

दुसरी किंमत अधिक दूरच्या माणसांकडून वसूल होते. बोळिंजलाच म्हाडाची सुमारे १० हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि तेथील हजारो घरे वर्षानुवर्षे विक्रीविना पडली. पाण्याची टंचाई हे त्याचे एक प्रमुख कारण. त्यावर उपाय म्हणून सूर्या प्रादेशिक योजना आली : रोज ४०३ दशलक्ष लिटर, त्यांपैकी १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. सूर्या प्रकल्प डहाणू, पालघर, विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांना पाणी देण्यासाठी म्हणून झाला होता. त्यांच्या शेताचा वाटा शहराकडे वळविला जातो, याविरुद्ध ते वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. बोळिंजच्या चाळीतील आणि सदनिकेतील माणसाला नळ मिळालाच पाहिजे. मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणणाऱ्या चळवळीला हे सांगण्याची गरज नाही. पण घराशेजारचे पाणी बुजवून डोंगरातल्या आदिवासीचे पाणी आणणे, ही गरिबाला पाणी देण्याची योजना नव्हे. त्यात जमिनीचा नफा एकाचा आणि तहान दुसऱ्याची.

येथे चळवळीतल्याच काही साथींचा आक्षेप ऐकू येतो : हा बागायतदारांचा प्रश्न आहे, त्यात पक्षाने का पडावे? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. बावखल विकणारा अनेकदा बागायतदारच असतो. वाडी तोट्यात, मुले शहरातल्या नोकरीत आणि बिल्डरचा भाव डोळे दिपविणारा. त्याला वारशाची प्रवचने देऊन उपयोग नाही. पण बावखल बुजले की नुकसान त्याच्या एकट्याच्या सातबाऱ्यापुरते राहत नाही. शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर खारी होते, सखल भागातील भाडेकरूच्या खोलीत पाणी शिरते. फायदा खाजगी आणि तोटा सार्वजनिक असा जेथे सौदा होतो, तो प्रश्न समाजवाद्यांचा नसेल तर कोणाचा?

सुशोभीकरणाच्या भक्तांपासूनही सावध राहावे लागेल. तळाला काँक्रीट, काठाला फरशी, मध्ये कारंजे आणि प्रवेशद्वारावर नगरसेवकाचे नाव, असे बावखल पाणी मुरवीत नाही. ते फक्त उद्घाटनास उपयोगी पडते.

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. महानगरपालिकेने प्रत्येक बावखलाची मोजणी करून विकास आराखड्यात आणि जमिनीच्या नोंदींत त्याचे नाव घालावे. भराव हा गुन्हा ठरावा आणि भराव टाकणाऱ्याच्याच खर्चाने तो काढला जावा. जो मालक बावखल राखील त्याला घरपट्टीत सूट आणि देखभालीचा मोबदला मिळावा. ज्यांच्या विहिरी त्यावर अवलंबून आहेत अशा शेजाऱ्यांच्या संस्थेस हरकत घेण्याचा, दावा लावण्याचा आणि गाळ काढण्याच्या कामाची मजुरी मिळविण्याचा अधिकार कायद्याने द्यावा. २०१७ च्या नियमांतील ते वगळणारे कलम रद्द करण्याचा ठराव महानगरपालिकेने मंजूर करून केंद्राकडे पाठवावा. मोजणीची वाट मात्र कार्यकर्त्यांनी पाहू नये. बोळिंज, आगाशी, नंदाखालच्या वाड्यांतून हिंडून बुजलेल्या आणि उरलेल्या बावखलांची यादी येत्या पावसाळ्यापूर्वी करता येण्याजोगी आहे, आणि ती यादी प्रभाग समितीच्या कार्यालयात मोर्चानेच नेऊन दिली पाहिजे.